आमच्याकडे 'आधी कोण' हा रोजचा विषय आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका तरुण वाचकाचं पत्र आलं होतं. तो पुण्यात नोकरीला आणि आईवडील गावी. सुट्टीत घरी गेलं की दोघं मरणाच्याच गोष्टी काढतात. आई म्हणते मी आधी जाणार, वडील म्हणतात मी. पोराबाळांपुढे असलं बोलून घरातलं वातावरण बिघडवतात, त्यापेक्षा ज्येष्ठांनी छंद जोपासावा, सकारात्मक राहावं, असा एकंदर सूर होता. पत्र मी आमच्या हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला लिवा. म्हणावं, ती दोघं आपापसात कवाच बोलून बसल्यात. तुझ्यापुढं बोलत्यात ते तू ऐकतोस का बघायला."

म्हणून लिहितो आहे.

मी निवृत्त सबपोस्टमास्तर, वय 78, राहणार कुरुंदवाड. अडतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली निम्मी काउंटरच्या जाळीमागे. खातं उघडायला किंवा सर्टिफिकेट घ्यायला माणूस आला की फॉर्मवर नामनिर्देशनाचा एक रकाना असतो. आम्ही तोंडी विचारायचो, "वारस कोण लावायचा?" (नॉमिनी वेगळा आणि वारस वेगळा, हे मला ठाऊक आहे. पण गावात असंच विचारतात आणि असंच कळतं.) बायका असतील तर पटकन लेकाचं नाव सांगून मोकळ्या व्हायच्या. पुरुष दचकायचे. "कशाला आत्ताच, साहेब? बघू की पुढं." जणू मीच त्यांच्यावर टपून बसलोय. कित्येकांचे रकाने मी हट्टानं भरून घेतले. जे राहिले, त्यांच्या बायका पुढे त्याच जाळीशी येऊन उभ्या राहिल्या.

त्यातली एक अजून डोळ्यांपुढून जात नाही. गाव सांगत नाही, साल 1996. किसान विकास पत्रं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायची, उसाचं बिल आलं की लोक घ्यायचे. बाई पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात दुधाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात पत्रांची चळत. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. ज्वारीच्या कणगीचा तळ झाडताना चळत सापडली होती. खालच्या दोन पत्रांना कसर लागलेली, आणि एकावरही नाव लावलेलं नव्हतं. मी सांगितलं, मावशी, कोर्टातून वारसाचं प्रमाणपत्र आणावं लागेल, नाहीतर सगळ्या वारसांच्या संमतीच्या सह्या. थोरला लेक वेगळा निघालेला, तो सही देईना. पुढची दोन वर्षं ती बाई दर बाजाराच्या दिवशी यायची आणि "झालं का वो काही?" असं विचारायची. जाताना दर वेळी एकच वाक्य बोलायची, माझ्याशी नव्हे, त्या पिशवीशी बोलल्यासारखं: "कणगीत काय हाय एवढं तरी बोलायचं हुतं."

हे सगळं बघून मी स्वतःच्या घरी काय केलं? काही नाही.

आमचं लग्न 1972 सालचं, दुष्काळातलं. तेव्हापासून दर वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालून आली की संध्याकाळी ही म्हणायची, "मी भरल्या कुंकवानं जाणार, तुमच्या खांद्यावरनं." आणि मी म्हणायचो, "शुभ बोल गं, वास्तू तथास्तु म्हणत असते." विषय तिथं संपायचा. तिच्या ट्रंकेत एक हिरवं इरकल डांबरगोळ्या घालून ठेवलेलं होतं, लाल पदराचं, एकदाही न नेसलेलं. त्याच्या घडीत कागदात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या. मला ठाऊक होतं ते कशासाठी आहे. सून एकदा ट्रंक आवरताना म्हणाली, "आई, किती छान साडी, नेसत का नाही?" तर ही म्हणाली, "हाय एका कार्यासाठी." मी पेपर तोंडापुढे धरला.

बायका नवऱ्याच्या आधी जायचं मागतात, ते नवऱ्यावरच्या मायेपोटी, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो होतो. थोडा सुखावतही होतो, खोटं कशाला बोलू. गल्लीत एखादी सवाष्ण गेली की मळवट भरून, ओटी भरून, हिरव्या साडीत तिला नेतात आणि बायका पाया पडताना म्हणतात, "भाग्याची गं, सोनं झालं." पितृपंधरवड्यात तिच्यासाठी नवमीचा वेगळा दिवस असतो, अविधवा नवमी. नवऱ्याआधी जाण्याचा एवढा मान! नवऱ्यामागे राहणारीला काय असतं, हे बघायची वेळ माझ्यावर आलीच नाही. आली होती खरं तर. पण मी बघितलं नाही.

हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान 1987 मध्ये गेले. शेतात साप चावला, मिरजेला नेईपर्यंत संपलं. आक्का तेव्हा चाळिशीच्या आसपास. मी ओसरीवर पुरुषांत बसून बांबू, सुतळी, मडकं यांचा हिशेब लावत होतो. आतल्या अंगणात काय झालं, ते हिनं मला सांगितलं 2022 साली. पस्तीस वर्षांनी. दोन म्हाताऱ्या विधवा पुढे झाल्या. आक्काचा हात पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली, रक्त आलं. ही फडकं आणायला उठली तर त्यातली एक म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आता काय त्याचं." मग कुंकू पुसलं, जोडवी काढली. काचा कुणी गोळा करीना. हिनं आपल्या पदरात गोळा केल्या आणि परड्यात पुरल्या. ही तेव्हा तिशीतली, स्वतःच्या हातात दोन्हीकडे चुडा.

आपल्यात बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. मंगळसूत्रही वाढतं. दिवा विझत नाही, शांत होतो. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. भाषेची एवढी काळजी घेणारी आपण माणसं, पण आक्काच्या मनगटाला फडकं कुणी दिलं नाही.

त्यानंतर आक्का आमच्याकडे संक्रांतीला यायची ती स्वैपाकघरात. बाहेर हळदीकुंकू चाललेलं, आत ती गूळ किसायची. तिला कुणी बाहेर ये म्हणत नसे, आणि तीही येत नसे. लग्नपत्रिकेत तिच्या नावामागे गं. भा. लागलं. मधे 2023 मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगाभागीरथी' हा शब्द सुचवला आणि गदारोळ झाला. तेव्हा मी हिला बातमी वाचून दाखवली. ही म्हणाली, "आमच्या आक्काला छत्तीस वर्षं हेच लिवत्यात की. त्यात नवं काय केलं?" आणि बघा, बाई सौ.ची श्रीमती होते, गं. भा. होते. आम्ही श्री. ते श्री. विधुर हा शब्द मी आयुष्यात फक्त वधूवरसूचक जाहिरातीत वाचला आहे.

तर आमचं बोलणं कसं सुरू झालं ते सांगतो. ते सुरू केलं पुरानं.

2019 चा ऑगस्ट. कृष्णा-पंचगंगेनं शिरोळ तालुक्याची काय दशा केली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. 2005 च्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर होती, तिच्याही वर पाणी चढलं. होडी आली. मी औषधांची पिशवी घेतली. हिनं देव घेतले आणि माझी पत्र्याची पेटी. पेटीत काय आहे हे तिला माहीत नव्हतं. मी तिला कधी हात लावू देत नाही एवढंच माहीत, त्यावरून ती महत्त्वाची असणार असं तिनं धरलं.

जयसिंगपूरला मेहुण्याच्या घरी पोचलो. पेटीत पाणी शिरलेलं. कागद सुटे करून खाटेवर चादर टाकून मांडले, पंख्यानं उडू नयेत म्हणून वर वाट्या, चमचे, खलबत्त्याचा दस्ता. मी एका बाजूनं पासबुकांची पानं सोडवत होतो. ही खाटेभोवती फिरत एकेक वाचत होती. सातवी शिकलेली आहे, पेपरही वाचते, पण चष्मा लावून सावकाश. पासबुकं, मासिक उत्पन्न योजनेचं खातं, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं, विमा, घराचा उतारा, पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग म्हणाली, "सगळ्यावर माझंच नाव लावलंय की."

मी जरा ऐटीत म्हणालो, "मग! लोकांना सांगतो ते स्वतः करणार नाही?"

"आणि हे मला कोण सांगणार हुतं? चित्रगुप्त?"

महोदय, अडतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी एवढा नेमका मेमो मला कधी दिला नव्हता. कणगीवाल्यानं नाव लावलं नव्हतं. मी लावलं होतं, एवढाच फरक. कणगी दोघांचीही तीच.

त्या रात्री मेहुण्याच्या माडीवर आम्ही दोघं जागे होतो. खाली पूरग्रस्तांची चार कुटुंबं झोपलेली. हिनं विचारलं, "तुमच्यामागं मला किती मिळणार?" मी आयुष्यात पहिल्यांदा 'शुभ बोल' म्हणालो नाही, हिशेब सांगितला. केंद्राची पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्के. म्हणजे मला 100 मिळत असतील तर तिला 60, वर महागाईचा भत्ता. मी 67 च्या आत गेलो असतो तर त्या वयापर्यंतच्या काळापुरते तिला पूर्ण मिळाले असते. मी तेव्हा 72 चा. ही अंधारात म्हणाली, "म्हणजे ती संधी गेली." मग मी सांगितलं, 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के भर पडते. "मग ऐंशीपतोर थांबा," म्हणाली, आणि दोघं तोंडावर पांघरूण घेऊन हसलो. खाली माणसांची घरं बुडालेली आणि आम्ही हसतोय, म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा सुरू झाली. खातं जोडनावावर कसं असतं, पोस्टात 'जॉइंट ए' म्हणजे पैसे काढायला दोघांची सही आणि 'जॉइंट बी' म्हणजे कुणाही एकाची, आपलं 'बी' आहे. पैसे काढायची स्लिप तिनं स्वतः भरायची, मी बाकावर बसून राहायचं. पहिल्यांदा अक्षरी रकमेत 'फक्त' लिहायला विसरली, दुसऱ्यांदा नाही. पीपीओवर तिची जन्मतारीख आहे का बघितलं, कारण तिला 80 ची वाढ मिळेल ती तिच्या तारखेवरून. तारीख 1 जून. आमच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख 1 जून आहे, गुरुजींची कृपा. पण ती पीपीओवर एक आणि आधारवर दुसरी असेल तर खिडकीवरचा माणूस हसत नाही. हिच्या आधारवर नुसतं साल होतं. दुरुस्तीला चार महिने गेले. मी जिवंत होतो म्हणून चारच.

तिनंही मला सोडलं नाही. "मी तुमची पेन्शन शिकली, तुम्ही माझं पिठलं शिका." मी चहासुद्धा करत नव्हतो, हे सांगायला आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं मला स्वैपाकघरात उभं करून विचारलं, मीठ कुठं? पन्नास वर्षं जेवलो त्या घरात मला मीठ सापडेना. फडताळात सगळे डबे एकसारखे, नातवाच्या बारशाला आलेले. मी पोस्टाच्या सवयीनं डब्यांना लेबलं चिकटवली: हळद, मोहरी, जिरं, तूरडाळ, मूगडाळ. ती म्हणाली, "लेबल बघून स्वैपाक करणार असशीला तर उपाशी मरशीला, वासावर वळखा." आता ओळखतो. पिठलं करताना बेसन आधी ताकात कालवून घ्यायचं आणि मगच फोडणीत ओतायचं, ओतताना दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, हे मला पाचव्या खेपेला जमलं. त्याआधीच्या चार खेपांना गुठळ्या झाल्या आणि तिनं त्या गुठळ्यांसकट जेवून दाखवलं. भाकरी अजून जमत नाही. थापताना कड फाटते. भात, आमटी, पिठलं, अंडी एवढ्यावर मी निभावेन असं तिचं मत पडलं आहे. मत पक्कं नाही.

मग मे 2022. हेरवाड आमच्यापासून सायकलवर जाण्याइतकं. 4 मेला तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही. 17 मेला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना कित्ता गिरवायला सांगितलं. मी बातमी वाचून दाखवली. दिवसभर ही गप्प. रात्री दिवा लावून बसली आणि आक्काच्या मनगटाची ती सगळी हकिगत सांगितली, मघाशी लिहिली ती. मग म्हणाली, "कागुद घ्या." मी कागद घेतला. तिनं सांगितलं तसं लिहिलं: मी मागे राहिले तर माझ्या अंगावरचं काही काढायचं नाही. बांगड्या माझ्या मी घालीन किंवा माझ्या मी काढीन. कुणी पाटा मांडला तर लेकीनं तो उचलून ठेवावा. खाली दोघांच्या सह्या, तारीख. कागद पेटीत गेला.

पेटीला कुलूप घालून तिनं किल्ली देवघरात ठेवली, आणि वळून, 'भाजी काय करू' विचारावं तशा आवाजात म्हणाली, "आता तुम्ही आधी जावा."

माझा घास अडकल्यासारखं झालं. मी म्हणालो, "पन्नास वर्षं दर वडाला उलटं मागत होतीस."

"ते भ्यानं मागत हुतो."

हे वाक्य मी त्या तरुण वाचकासाठी मुद्दाम लिहितो आहे. त्याची आई 'मी आधी जाणार' म्हणत असेल, तर त्यात माया किती आणि भीती किती हे त्यानं एकदा विचारून बघावं. मी विचारलं नव्हतं.

पुढं ती जे बोलली ते जरा लागण्यासारखं होतं. "तुम्ही मागं राहिलासा तर तुमचे हाल कुत्रं खाणार न्हाई. सुनेच्या घरात दहाव्या मजल्यावर बसून खिडकीतनं बघत बसशीला. मी काय, आक्काकडं ऱ्हाईन, लेकीकडं जाईन, माघारी येऊन दार उघडीन. कार्तिकीला पंढरपूरला चार दिस ऱ्हाईन. दुपारचं झोपीन." दुपारी झोपायचं एवढंसं सुख तिनं माझ्या मरणानंतरसाठी राखून ठेवलंय, हे ऐकून मला झोप लागली नाही. पन्नास वर्षं माझा दुपारचा चहा तीनला. आता तो मी करतो. ती झोपते. याला माझं मरण कशाला हवं होतं, असं तिला म्हणालो. म्हणाली, "बोलल्याशिवाय कळतंय का तुमास्नी?"

आणि ती चुकीचं सांगत नाही. गावात माझ्या बरोबरीचे जे एकटे राहिलेत ते बघतो. एसटीतून निवृत्त झालेले एक मित्र आहेत, मेकॅनिक होते, अख्खं इंजिन खोलून परत बसवायचे. बायको गेली दोन वर्षांपूर्वी. खानावळीचा डबा लावलाय. डब्यातली चपाती संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी होते म्हणून दोनपैकी एक टाकून देतात. दुपारी एसटी स्टँडवर येऊन बसतात, गाड्या बघत. तिच्याविषयी बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "औषधाच्या गोळ्या कुठली सकाळची, कुठली रात्रीची, तिला पाठ होतं." आणि ज्या बाया मागे राहिल्यात त्या? पहिलं वर्ष वाईट जातं. मग भजनी मंडळ, बचत गट, नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पालखीला चालत. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, गरिबीत मागे राहिलेलीचं वेगळं असतं, त्या कणगीवालीचं मी बघितलंय. पण माझ्या मित्रासारखी बसलेली बाई मला स्टँडवर दिसलेली नाही.

आता मुलांचं.

आमचा मुलगा गुणी आहे. दर महिन्याला येतो, औषधं पुण्याहून आणतो. मागच्या दिवाळीत फराळ झाल्यावर मी विषय काढला. म्हणालो, मला किंवा आईला काही झालं आणि परत माणसात येण्याची आशा नाही असं डॉक्टर म्हणाले, तर नळ्या घालून, व्हेंटिलेटरवर ठेवून ओढायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 9 मार्च 2018 ला असं आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आहे. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, जानेवारी 2023 मध्ये ते सोपं झालं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी कागद तयार ठेवला आहे, आमच्या वतीनं निर्णय कळवणारा म्हणून तुझं नाव घालू का?

तो उठला. "अप्पा, सणासुदीचं काय हे? असलं काही बोलू नका." आणि फटाके आणायला नातवाला घेऊन गेला. फटाके आधीच आणलेले होते.

मला राग आला नाही. तो जे वाक्य बोलला ते माझंच होतं, 'शुभ बोल गं'. वारसा म्हणून आपण घरं-जमिनीच देतो असं नाही.

लेक इचलकरंजीची. ती भाऊबीजेला आली, कागद वाचला, रडली. नाक पुसून म्हणाली, "माझं नाव घाला. पण दादाला सांगू कसं?" साक्षीदार म्हणून ते एसटीवाले मित्र आणि शेजारचे ड्रॉइंग मास्तर आले. नोटरीनं असला कागद पहिल्यांदाच बघितला. मला तीन वेळा विचारलं, "आजोबा, मुलं बघत नाहीत का?" बघतात हो, बघतात. म्हणूनच. डोळ्यांदेखत बापाचं काय करायचं ते ऐन वेळी आयसीयूच्या दारात उभं राहून पोरानं ठरवावं, आणि पुढं जन्मभर 'चुकलो का' म्हणत राहावं, ते नको.

आपण मेलेल्या माणसाला मात्र विचारतो. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतो, कावळा शिवत नाही म्हटल्यावर हात जोडून उन्हात उभे राहतो. "काय राहिलं असेल मनात? नातीचं लग्न करतो, शिवा. घर विकत नाही, शिवा." नरसोबाच्या वाडीला मी हे इतक्यांदा ऐकलंय. माझ्या वडिलांच्या वेळी, 1979 मध्ये, आम्ही चार भाऊ दोन तास उभे होतो. एकेक भाऊ एकेक कबुली देत होता. वडील काय मागत असतील याचा एकालाही अंदाज नव्हता. शेवटी आई मागून म्हणाली, "माझं मी बघीन म्हणावं." तेव्हा शिवला. योगायोग असेल. आमच्या आईनं मात्र त्यानंतरची चोवीस वर्षं तसं कधी मानलं नाही.

या संक्रांतीचं सांगतो आणि थांबतो. हिनं ट्रंकेतलं हिरवं इरकल काढलं आणि नेसली. घडीवर घडी राहून एका रेघेत विरलं होतं, तिथं आतून टाका घातला. आक्काला बोलावलं. आक्का आता 79 ची, आली ती सवयीनं थेट स्वैपाकघरात, गुळाची ढेप शोधायला. हिनं तिला हाताला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं, आणि बायका यायच्या आधी नव्हे, आल्यावर, सगळ्यांच्या देखत पहिलं कुंकू तिला लावलं. आक्कानं डोळे मिटले नाहीत, हिच्या हाताकडेच बघत राहिली. मग त्या घडीतल्या बांगड्या. आक्काचं मनगट आता एवढंसं झालंय, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दोघी बायका वाण न घेताच उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. एकीनं आक्काला उखाणा घ्यायला सांगितलं. आक्का म्हणाली, "नाव आठवायला लागंल थांबा," आणि मग घेतलं.

मी दारात उभा राहून बघत होतो. या वेळी बघत होतो.

त्या तरुण वाचकाला माझ्याकडून एवढंच कळवा की पुढच्या सुट्टीत आईवडिलांनी विषय काढला की फटाके आणायला जाऊ नकोस. पेटी कुठे आहे ते विचार, किल्ली कुठे आहे ते विचार. त्यांची बरीचशी भांडणं त्यांनी आधीच मिटवलेली असतील, नुसतं ऐकायचं काम उरलेलं असेल. आणि आईला एकदा विचार, ती दुपारी झोपते का.

आपला,
एक निवृत्त सबपोस्टमास्तर
कुरुंदवाड, जि. कोल्हापूर

ता. क. कृपया नाव छापू नये. मुलगा आपलाच पेपर वाचतो. नाव नसलं तरी तो ओळखेल, फटाक्यांवरून. ओळखलंच तर फोन करेल, मग पुढचं बोलता येईल. आणि किल्ली देवघरात असते, हे वर ओघात लिहून गेलं आहे, तेवढं वाक्य जमल्यास गाळावं.